दुकानातला फझ आणि गावातलं स्टेज: छोटी फझ पेडल पारखून घेण्याची पद्धत

फझ पेडल, म्हणजे गिटार आणि ॲम्पच्या मध्ये लावायचा, आवाज फाडणारा, पायाने चालू-बंद करायचा डबा, दुकानात एक बोलतं आणि गावाच्या स्टेजवर दुसरंच. नागपूरच्या दुकानात एसी चालू असतो, समोर गिटारचा चांगला ॲम्प असतो, प्लगला अर्थिंग असतं. तेच पेडल एप्रिलमध्ये भीमजयंतीच्या कार्यक्रमाला ब्रह्मपुरीकडच्या एखाद्या गावात नेलं, की वर तापलेला मंडप, गिटारची वायर थेट मिक्सरमध्ये आणि मिक्सरची वीज कुठून ओढली ते फक्त साऊंडवाल्याला माहीत. बाकीची पेडल असा फरक बऱ्यापैकी सोसतात. फझ सोसत नाही, कारण त्याच्या आत दोन-चार ट्रान्झिस्टरच असतात आणि ते गिटारच्या पिकअपशी (तारांचा कंप पकडणाऱ्या भागाशी), बॅटरीशी, पुढच्या यंत्राशी आणि हवेतल्या उष्णतेशीही बांधलेले असतात. म्हणून फझची तुलना नावावरून किंवा व्हिडिओवरून करू नये. आपल्या गिटारला, आपल्या वायरीला आणि आपल्या विजेवर लावूनच करावी.

आधी एवढं पक्कं समजून घ्या की फझ आवाज नुसता वाढवत नाही. तो स्वराच्या लहरीचा वरचा आणि खालचा भाग इतका कापतो की लहर जवळजवळ चौकोनी होते. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज कमी फाडणारं पेडल, कडा गोल ठेवतो, फझ ठेवत नाही. त्यामुळे स्वर लांबतो आणि जाड होतो. पण लहान-मोठं सगळं एकाच उंचीला येत असल्यामुळे कुलरची घरघर आणि ट्यूबलाइटची किरकिरसुद्धा स्वराच्या बरोबरीने वर येते. पुढे जो जो त्रास सांगितला आहे, त्यातला बहुतेक इथूनच सुरू होतो.

चार घराणी

१९६२ साली अमेरिकेत गिब्सनने माएस्ट्रो फझ-टोन बाजारात आणला. १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटरने गोल डब्यातला फझ फेस काढला, आणि साठचं दशक सरताना न्यू यॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने बिग मफ आणला. आज मिळणारे बहुतेक छोटे डबे या जुन्या सर्किटांचीच पिल्लं आहेत. डब्यावर नाव काहीही असो, आत कुठलं घराणं आहे ते ओळखलं की निम्मी तुलना तिथेच होते.

फझ फेसमध्ये दोनच ट्रान्झिस्टर आणि दोनच नॉब: व्हॉल्यूम आणि फझ. डनलॉपचे फझ फेस मिनी याच सर्किटाचे छोटे गोल डबे आहेत. एलईडी आणि ॲडाप्टरची सोय त्यांत आहे. सिलिकॉन आणि जर्मेनियम अशा दोन्ही जाती मिळतात. मूअरचा ग्रे फेझ याच घराण्यातला. त्याचा डबा सुमारे ९३ बाय ४२ मिलिमीटरचा, त्यामुळे आत बॅटरीला जागा नाही. या घराण्याचा मोठा गुण असा, की फझ पूर्ण उघडा ठेवून गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणला की आवाज साफ होत जातो. पेडलला पाय न लावता मुखडा साफ आणि सोलो फझमध्ये, हे फक्त बोटांनी जमतं. हे जमण्याचं कारणच त्याची मोठी अडचणही आहे. या सर्किटाचा इनपुट इंपीडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) फार कमी, काही किलोओहमच्या घरात असतो. पिकअपला तो थेट ओढतो आणि त्या ओढण्यातूनच तो गोडवा येतो. मध्ये बफर (सिग्नलला जोर देणारं छोटं सर्किट) आला, म्हणजे बॉसचा ट्यूनर, वायरलेस रिसीव्हर किंवा गिटारमधलं बॅटरीवरचं ॲक्टिव्ह पिकअप, की तोच फझ पातळ, टोचरा आणि कर्कश होतो. मग गिटारचा व्हॉल्यूम कमी केला तरी तो पूर्वीसारखा साफ होत नाही. बहुतेक लोक ‘पेडल खराब निघालं’ म्हणतात ते याच कारणाने. वाह पेडलही फझ फेसच्या आधी लावलं की बरेचदा शिट्टी मारतं.

बिग मफमध्ये चार ट्रान्झिस्टर, दोनदा कापणी आणि शेवटी टोनचा नॉब. छोट्या डब्यांत इलेक्ट्रो-हार्मोनिक्सची नॅनो मालिका आहे: साधा नॅनो बिग मफ, ग्रीन रशियन, ट्रँगल, रॅम्स हेड आणि ऑप-ॲम्प (यात ट्रान्झिस्टरऐवजी आयसी असतात). मूअरचा ट्रँगल बफ त्याच वळणाचा. स्वर खूप वेळ टिकतो. आधी बफर आला तरी फारसं बिघडत नाही. पण गिटारचा व्हॉल्यूम कमी केला तर आवाज नुसता लहान होतो, साफ होत नाही. खरी अडचण मात्र वेगळी आहे. टोनच्या सर्किटमुळे १००० हर्ट्झच्या आसपासचा मधला पट्टा खाली बसतो. घरी एकट्याने वाजवताना तो आवाज भिंतीएवढा वाटतो, आणि स्टेजवर ढोलकी, कीबोर्ड आणि गायक सुरू झाले की गिटार दिसते पण ऐकू येत नाही, कारण कानाला गिटार सापडते ती त्याच मधल्या पट्ट्यात. नॅनो ऑप-ॲम्पमध्ये टोनचा भाग पूर्ण वगळण्याचं एक छोटं बटण आहे. ते दाबलं की मधला पट्टा परत येतो. वाद्यवृंदात वाजवणाऱ्यासाठी या सगळ्या मालिकेतली सर्वांत उपयोगी गोष्ट तेवढंच बटण आहे.

तिसरं घराणं सुपर-फझचं. यात वरचं सप्तक मिसळलेलं असतं. बेहरिंगरचा एसएफ३०० या वळणाचा, बॉसच्या जुन्या एफझेड-२ वर बेतलेला आणि फझमध्ये सर्वांत स्वस्त मिळणाऱ्यांपैकी एक. त्यात फझचे दोन मोड आणि एक बूस्ट, शिवाय खालच्या-वरच्या पट्ट्यांचे वेगळे नॉब आहेत. डबा प्लास्टिकचा आहे. पायाची पट्टी बिजागरीच्या दोन खिळ्यांवर बसते आणि बॅटरी बदलायला ते खिळे पेनाच्या टोकाने दाबून ती उचलावी लागते. अंधाऱ्या विंगेत हे काम होत नाही, म्हणून बॅटरी घरूनच बदलून निघा. इनपुट इंपीडन्स जास्त असल्यामुळे बफर, वायरलेस काहीही आधी चालतं.

चौथं, झी-व्हेक्सच्या फझ फॅक्टरीसारखं. पाच नॉब, प्रत्येक दुसऱ्याच्या वागण्यावर परिणाम करणारा, आणि काही जागांवर पेडल स्वतःच शिट्टी वाजवायला लागतं. घरी प्रयोग करायला फार सुंदर आहे. पण गावात साऊंड चेकला दहा मिनिटं मिळतात आणि अंधारात नॉब थोडा हलला की सगळं बदलतं. पहिलं पेडल म्हणून ते घेऊ नये.

ऊन आणि जर्मेनियम

जर्मेनियम म्हणजे मऊ, गोड, जुन्या रेकॉर्डसारखा आवाज, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते खोटं नाही. पण ते २० ते २५ अंशांच्या खोलीतलं खरं आहे.

जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधून थोडा प्रवाह कायम गळत असतो आणि तापमान साधारण १० अंश वाढलं की ही गळती दुप्पट होते. २५ अंशांना १०० मायक्रोअँपिअर गळती असेल तर ४५ अंशांना ती ४०० च्या घरात जाते. फझ फेसमध्ये पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला (बेस, एमिटर, कलेक्टर या तीन पायांपैकी एकाला) ३३ किलोओहमचा रेझिस्टर असतो. ९ व्होल्टवर त्यातून फार तर २७० मायक्रोअँपिअर वाहू शकतात. म्हणजे नुसती गळतीच सगळी जागा खाते आणि स्वराला हलायला जागा उरत नाही. ऐकताना ते असं जाणवतं: सुरुवातीचा ठोका येतो, मग स्वर फुटतो, थुंकल्यासारखा तुटतो आणि मधेच बंद पडतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. स्टेजवर हॅलोजनखाली ठेवलेला धातूचा डबा त्याहून तापतो.

सिलिकॉनमध्ये ही गळती नगण्य असते. म्हणून लग्नसराईत, जत्रेत आणि नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) वाजवायचं असेल तर सिलिकॉन घ्या. यात तडजोड केल्यासारखं मुळीच वाटून घेऊ नका. बीसी१०८ आणि बीसी१०९ जातीच्या सिलिकॉनवरच फझ फेसची अर्धी कीर्ती उभी आहे.

जर्मेनियम हवंच असेल तर हंगाम बघा. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत मंडई (गावच्या जत्रा) आणि नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात, रात्री थंड असतात, आणि अशा रात्री जर्मेनियम छान वागतं. डब्याच्या आत बायसचा (ट्रान्झिस्टरची बैठक ठरवणाऱ्या व्होल्टेजचा) छोटा ट्रिमर किंवा बाहेर बायसचा नॉब असेल तर थंडी-उन्हाप्रमाणे सावरता येतं. नसेल तर त्या पेडलला बसथांब्यावर किंवा टेम्पोच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. तापलं असेल तर वाजवण्याआधी अर्धा तास सावलीत ठेवा. त्यावर ओलं फडकं गुंडाळू नका, पाणी जॅकमध्ये उतरतं.

वीज: बॅटरी, ॲडाप्टर, गाडीची बॅटरी

फझ फार कमी वीज खातो. फझ फेसचं सर्किट १ मिलिअँपिअरपेक्षाही कमी घेतं. त्यापेक्षा जास्त वीज चालू-बंद दाखवणारा एलईडी पितो. मल्टीमीटरला लागते ती साधी ९ व्होल्टची ६एफ२२ बॅटरी ४०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास धरली आणि एलईडीसकट ४ ते ५ मिलिअँपिअर खर्च धरला, तर ८० तास सहज निघतात. लोडशेडिंगच्या गावात फझसाठी बॅटरीसारखं सुख नाही. तिच्यात ५० हर्ट्झची घुम नाही, इन्व्हर्टरची किरकिर नाही. म्हणून तुलना करताना ‘आत बॅटरी बसते का’ हा प्रश्न आवाजाइतकाच महत्त्वाचा माना. मूअरसारख्या अगदी छोट्या डब्यांत बॅटरी बसत नाही. डबा लहान म्हणून घ्यायचा आणि मग ॲडाप्टर, एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन फिरायचं, तर लहानपणाचा फायदा तिथेच संपला.

बहुतेक पेडलला ९ व्होल्ट डीसी लागतं आणि प्लगच्या मधल्या पिनला ऋण असतं. गावात सहज हाती लागणारे सेट-टॉप बॉक्सचे, वायफाय राउटरचे आणि कीबोर्डचे ॲडाप्टर बरेचदा १२ व्होल्टचे आणि मध्ये धन असलेले असतात. प्लग मात्र तसाच बसतो. लावलं की पेडलच्या आतला संरक्षक डायोड जळून शॉर्ट होतो आणि त्यानंतर बरोबर ॲडाप्टर लावला तरी पेडल मुकंच राहतं. हे लाखांदूरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडेही पाच मिनिटांत नीट होतं: पॉवर जॅकजवळचा १एन४००१ किंवा १एन४००७ बदलायचा. पण आधी ॲडाप्टरच्या लेबलवरची गोल खूण वाचली तर ती वेळच येत नाही.

जर्मेनियमच्या काही पेडलमध्ये पीएनपी, म्हणजे उलट ध्रुवतेचे, ट्रान्झिस्टर असतात आणि त्यांची बॉडी धन टोकाला जोडलेली असते. असं पेडल इतर पेडलबरोबर एकाच ॲडाप्टरच्या साखळीत लावलं तर सगळीच साखळी शॉर्ट होते. त्याला स्वतंत्र बॅटरी द्या.

अनेक पेडल असतील आणि रात्रभराचं नाटक असेल तर १२ व्होल्टच्या मोटारसायकलच्या बॅटरीवरून स्वच्छ ९ व्होल्ट बनवता येतात. साहित्य नागपूरला सीताबर्डीवर किंवा जिल्ह्याच्या गावी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं: ७८०९ रेग्युलेटर एक, ०.३३ आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर एकेक, ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज होल्डरसकट, १एन४००७ डायोड, पेडलला बसणारा ५.५ बाय २.१ मिलिमीटरचा प्लग. बॅटरीच्या धन टोकाला आधी फ्यूज, मग डायोड, मग ७८०९ ची पहिली पिन. अक्षरं स्वतःकडे धरली की डावीकडून पिना अशा: आत, ऋण, बाहेर. ०.३३ चा कपॅसिटर पहिल्या आणि मधल्या पिनमध्ये, ०.१ चा मधल्या आणि तिसऱ्या पिनमध्ये, दोन्ही रेग्युलेटरच्या अगदी जवळ. तिसरी पिन प्लगच्या बाहेरच्या कड्याला, मधली पिन बॅटरीच्या ऋण टोकाला आणि प्लगच्या आतल्या पिनला. पेडलला लावण्याआधी मल्टीमीटरवर ९ व्होल्ट आणि आत ऋण, हे दोन्ही बघा. रेग्युलेटरला आत साधारण ११ व्होल्ट तरी मिळायला हवेत, म्हणून बॅटरी ११.८ च्या खाली गेली की थांबा. गाडी चालू ठेवून किंवा चार्जर लावून हे वापरू नका, चार्जिंगची शिट्टी फझमधून बाहेर येते. मोबाइलच्या पॉवर बँकेवरून ९ व्होल्ट करणाऱ्या स्वस्त केबलांतही तीच बारीक शिट्टी असते.

एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. पेडल बॅटरीवर आहे म्हणून तुम्ही सुरक्षित नाही. गिटारच्या तारा वायरीच्या जाळीतून मिक्सरच्या बॉडीला जोडलेल्याच असतात. मिक्सरला अर्थिंग नसेल आणि आत फॉल्ट असेल, तर हातात तारा असताना पायाला ओली जमीन किंवा ओठाला दुसऱ्या यंत्राचा माइक लागताच शॉक बसतो. वाजवण्याआधी मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारांना आणि दुसरं आधी माइकच्या जाळीला, मग ओल्या जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळीला लावा; गिटार आणि माइक एकाच मिक्सरमध्ये असतील तर पहिल्या मापात फॉल्ट दिसत नाही. कुठेही १० व्होल्टच्या वर आकडा आला तर गिटार किंवा माइकला हात लावू नका. वायरमनला बोलावून अर्थिंगचा तिसरा तार खरोखर जमिनीत गेला आहे का ते बघायला लावा. अनेक बोर्डांवर तिसरं भोक असतं, पण मागे तार नसतो. गाणाराच गिटार वाजवत असेल तर त्याला कॉर्डलेस माइक द्या.

प्रत्यक्ष तुलना: एका दुपारचं काम

दोन किंवा तीनच पेडल घ्या. चौथ्यापासून कान गोंधळतो. लागणारं सामान: तुमचीच गिटार, तीन मीटरच्या दोन वायरी, नवी ६एफ२२, मल्टीमीटर, मोबाइल, आणि ज्या यंत्रातून स्टेजवर वाजवता तेच यंत्र. दुकानात जाताना गिटार सोबत न्या, दुकानातल्या गिटारवर फझ पारखता येत नाही.

पहिलं काम पातळी जुळवण्याचं. जो आवाज मोठा तो चांगला वाटतो, हा कानाचा स्वभाव आहे. मोबाइलवर आवाज मोजणारं ॲप उघडून फोन स्पीकरपासून एक मीटरवर एकाच जागी ठेवा. पेडल बंद असताना एक कॉर्ड सारख्या जोराने वाजवून आकडा लिहा. मग प्रत्येक पेडल चालू करून त्याचा व्हॉल्यूम असा ठेवा की आकडा तोच येईल, फार तर एक डेसिबलचा फरक. इथेच एक उत्तर मिळतं: व्हॉल्यूम पूर्ण उघडूनही एखादं पेडल बंद असतानाच्या पातळीला पोहोचत नसेल, तर ते सोलोला कामाचं नाही. फोनवर रेकॉर्डिंग करून तुलना करायची असेल तर फोन आवाज आपोआप कमी-जास्त करतो हे ध्यानात ठेवा. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये ती सोय बंद करा.

मग हा क्रम:

१. फझचा नॉब पूर्ण, गिटार १० वर. सहाव्या मोकळ्या तारेवर एकच स्वर सोडा आणि तो कसा मरतो ते ऐका. हळूहळू मावळतो, की तुटत-फुटत जातो, की दार लावल्यासारखा बंद होतो? तुटणं काहींना हवं असतं, पण ते पेडलचं चारित्र्य आहे की बायस सरकलाय, हे पुढे मापून कळेल.

२. आता सा-प, म्हणजे पॉवर कॉर्ड. कुठल्याही बऱ्या फझमध्ये हे घट्ट वाजतं. त्यात ग मिळवा, पूर्ण मेजर कॉर्ड. आता घरघर सुरू होते, कारण कापलेल्या लहरींमधून स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर जन्मतात. ज्यात ग अजूनही ओळखू येतो ते पेडल हिंदी-मराठी गाण्यांच्या साथीला चालेल. सुपर-फझमध्ये सा-पसुद्धा कधी कधी फाटतो. तो फक्त एकेका स्वरासाठी ठेवा.

३. गिटारचा व्हॉल्यूम १०, ७, ४ असा उतरवा. फझ फेस इथे उजळतो, बिग मफ इथे नापास होतो. तुम्ही पायानेच चालू-बंद करणार असाल तर ही परीक्षा फार मनावर घेऊ नका.

४. मानेकडचं पिकअप, टोन बंद, बाराव्या पट्टीच्या वर. इथे सप्तकाचा फझ खऱ्या अर्थाने गातो. इतर पेडलमध्ये स्वर बासरीसारखा गोल यायला हवा.

५. वाजवू नका. गिटार १० वर ठेवून तारांवर हात ठेवा, मग काढा. हात काढल्यावर गुणगुण वाढत असेल तर ती गिटारच्या शिल्डिंगची आहे, पेडलची नाही. कुलर चालू-बंद करा, पंख्याचा रेग्युलेटर फिरवा, गिटारसकट स्वतः वेगवेगळ्या दिशांना वळून बघा. सिंगल कॉइल पिकअपला कुलरची मोटर आणि डिमरचा रेग्युलेटर हे सर्वांत मोठे शत्रू आहेत. जास्त गेनच्या सिलिकॉन फझमध्ये कधी आकाशवाणीचे मध्यम लहरींवरचे शब्द ऐकू येतात. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेस-कलेक्टरमध्ये ४७ ते १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर टाकला की ते जातं.

६. आधी ट्यूनर किंवा वायरलेस लावून पुन्हा १ ते ३. फरक पडला तर फझ पहिला, ट्यूनर नंतर. वायरलेस सोडायचंच नसेल तर रिसीव्हर आणि फझ फेसच्या मध्ये एका डबीत ५० किलोओहमचा पॉट (नॉबने फिरणारा रेझिस्टर) मालिकेत बसवा आणि टोचरेपणा जाईपर्यंत फिरवा. पिकअपचा सगळा गोडवा परत येत नाही, पण वाजवण्यासारखं होतं.

७. शेवटी ढोलकी, कीबोर्ड आणि गायकासोबत, किंवा निदान त्यांचं रेकॉर्डिंग मोठ्याने लावून. दहा पावलं लांब उभं राहून दुसऱ्याला वाजवायला सांगा. घरी जिंकलेलं पेडल इथे हरताना वारंवार दिसेल. इथे मिळालेला कौल अंतिम धरा.

फझ फेस जातीचं पेडल उघडून दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर व्होल्टेज मोजा. ९ व्होल्टवर ४.५ च्या आसपास असावं; पीएनपीमध्ये आकडा ऋण येईल. सकाळी आणि दुपारी तीनला पुन्हा मोजा. सिलिकॉनमध्ये आकडा जवळजवळ तिथेच राहतो. जर्मेनियममध्ये तो एक-दीड व्होल्ट सरकला तर उन्हाळ्यात तेच पेडल कसं वागणार, हे विकत घेण्याआधीच कळलं.

ॲम्प नसलेलं स्टेज

गावात गिटारचा ॲम्प क्वचितच असतो. साऊंडवाला हातात पिन देतो आणि ती मिक्सरमध्ये जाते. फझ असा थेट लावला की मधमाश्यांच्या मोहोळासारखा आवाज येतो. गिटारचा १२ इंची स्पीकर ५००० हर्ट्झच्या वरचं जवळजवळ सगळं गाळून टाकतो. मिक्सरपुढचे टॉप (वरचे स्पीकर) मात्र हॉर्नमधून ते पूर्ण फेकतात. त्यात भर म्हणजे फझ फेसचा ५०० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट मिक्सरच्या १०-२० किलोओहमच्या लाइन इनपुटला सरळ लावला की आवाज बसतो आणि पातळ होतो.

यावर सरळ उपाय: फझनंतर झूमच्या जी१ फोरसारखं एखादं छोटं मल्टिइफेक्ट, त्यात फक्त ॲम्प आणि कॅबिनेट चालू, बाकी सगळं बंद. हे असेल तर पेडलची तुलनाही त्यातूनच करा. ते नसेल तर एका डबीत दोन पायऱ्यांची गाळणी बनवा: १ किलोओहम मालिकेत आणि ३३ नॅनोफॅरड जमिनीला, मग १० किलोओहम मालिकेत आणि ३.३ नॅनोफॅरड जमिनीला. दोन्ही पायऱ्या ४८०० हर्ट्झच्या आसपास कापतात. ही डबी बफर असलेल्या पेडलच्या नंतरच लावा, म्हणजे फझ, मग बॉसचा ट्यूनर किंवा तसं काही, मग डबी, मग मिक्सर. नाहीतर फझच्या पॉटला तिचाही भार पेलवत नाही. मिक्सरवर ट्रेबल थोडं खाली, मध्य थोडा वर, आणि साऊंडवाल्याला आधीच सांगून ठेवा की हा फाटलेला आवाज मुद्दाम आहे. नाहीतर तो चॅनेल बिघडला समजून फेडर खाली घेतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

थेट मिक्सर, वायरलेस आणि भरगच्च वाद्यवृंद असेल तर टोन वगळता येणारा बिग मफ घ्या. साधं पिकअप, वायर आणि छोटा का होईना ॲम्प असेल, आणि बोटांनी आवाज खेळवण्याची आवड असेल, तर सिलिकॉन फझ फेस मिनी. हात फारच तंग असेल तर एसएफ३००. प्लास्टिकचा असला तरी नॉब भरपूर आहेत आणि कशाच्याही नंतर चालतो.

जुनं पेडल घेताना

बॅटरीचा कप्पा उघडा. हिरवट-पांढरी पूड दिसली तर बॅटरी गळली होती, आणि ती पूड वायरींतून वर चढते. नॉब फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. खोबरेल तेल टाकलं तर धूळ चिकटून पॉट कायमचा जातो. पायाचा स्विच वीस वेळा दाबा. एकदाही आवाज गेला तर स्विच बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

‘जुने अस्सल जर्मेनियम’ म्हणून जास्त पैसे मागत असतील तर वीज काढून मल्टीमीटर डायोडवर ठेवा आणि ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर मोजा. जर्मेनियम ०.२ ते ०.३ दाखवतं, सिलिकॉन ०.६ ते ०.७. एसी१२८ असं छापलेलं सगळंच एसी१२८ नसतं. मल्टीमीटरचा एचएफई (गेनचा) आकडा मात्र जर्मेनियमसाठी धरू नका, त्यात गळतीही गेन म्हणून मोजली जाते. असा ट्रान्झिस्टर बदलायचा असेल तर पायाला मगर क्लिप लावून उष्णता तिथेच अडवा आणि २५ वॅटची सोल्डरिंग दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवू नका.

बहुतेक पेडलमध्ये इनपुटला पिन लावली की बॅटरी चालू होते, मग फझ बंद असला तरी सर्किट वीज खात राहतं. कार्यक्रम संपला की गाडीत टाकण्याआधी इनपुटची पिन काढा. आणि मृग लागण्याआधी, पुढचे दोन महिने वाजवायचं नसेल तर, बॅटरीच बाहेर काढून ठेवा.